दोन घंट्या

सकाळी साडेनवाला पुण्याची मीटिंग.
कॅमेऱ्यात माझ्या मागची भिंत दिसते, पांढरी;
बाजेवर वाळत घातलेल्या शेवया दिसत नाहीत,
तेवढा कोन मी साधून ठेवलाय.
परभणीत लाईट गेली की मी गोठते
तोंड उघडं, अर्ध्या वाक्यात,
आणि पुण्यातले चौघे माझ्या गोठण्याकडे बघत
आपापली कॉफी पितात.

चार दिवस एका पैशाच्या मागे आहे.
कुणाच्या तरी कर्जाच्या हप्त्यात, दर महिन्याला,
बेरीज एका पैशानं चुकते.
अप्पा विचारतात, सापडला का गं पैसा?
एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते.
एकदा भरणा तीन रुपये चाळीस पैशांनी कमी पडला,
पगारातून कापले, ते त्यांना अजून
महिना-वारासकट आठवतं.
काल मात्र चहा पिऊन दहा मिनिटं झाली
आणि चहा मागितला.

दुपारी फोन. द्वारकेला मुलगी झाली, सेलूच्या दवाखान्यात,
पावणेतीन किलो, कान आमच्यासारखे पुढं आलेले.
आईनं फोन खांद्यात धरूनच डबे उघडले:
डिंक आहे, खारका संपल्यात.
मामाच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन लांबलं.
जाता जाता, आवाज खाली घेऊन, द्वारका म्हणाली,
तुझ्या त्याचं ठरलं म्हणे, जालन्याची आहे.
मी म्हटलं, बरं झालं.
आणि चारशे बाराव्या ओळीकडे बघत बसले.
त्या ओळीत काहीच चुकलेलं नव्हतं.

रात्री जेवणं झाली की माझी गाडी सुटते.
परभणी ते गंगाखेड.
लाल चौकोन, काळी चाकं,
दोन खिडक्यांना काचा नाहीत, तेवढं खरं केलंय.
खेळ असा: पुढचा स्टॉप यायच्या आत
तिकिटं फाडायची, सुट्टे परत द्यायचे.
विकायचा नाही कुणाला.
दिवसभर दुसऱ्यांचे हप्ते मोजून झाल्यावर
एखादी गोष्ट अशी हवी,
बिघडली तर फक्त माझी बिघडेल.

एक घोटाळा महिनाभर निस्तरत नव्हता:
माणसं एकमेकांत घुसायची.
एका सीटवर तिघं, खांद्यातून खांदा,
एकाच्या डोक्यातून दुसऱ्याची पिशवी.
मी एकेकाला पुसत होते.
अप्पा मागं कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.
"कामून पुसायलीस त्यायला?"
चुकलंय अप्पा, एका जागी एकच माणूस पाहिजे.
"चुकलं न्हाई. बाजार असंल गंगाखेडचा."

मग खुर्ची ओढली.
"सिंगणापूर फाटा कुठंय? डायरेक पोखर्णी आणलीस.
फाट्याला एक बाई चढायची, पाटीत कोंबडी.
कोंबडीला तिकीट कशाचं म्हणून रोज भांडण.
आन् घंटी?
घंटी न्हाई तर डायवर गाडी हलवील कसा?
एक दिली की थांब. दोन दिल्या की चल."

दोन ओळी लिहिल्या, स्पेसबारला घंटी बांधली.
त्यांचा अंगठा त्या पट्टीवर,
पंच दाबून दाबून पडलेला घट्टा अजून तिथंच.
टण् टण्.
सिंगणापूर, पोखर्णी, दैठणा.
नाव ते आधी घेत, गाडी मागून पोचे.
खळीच्या पुलाखाली मी अजून नदी काढलेली नाही,
नुसती निळी पट्टी आहे.
तिथं त्यांनी हात जोडले
आणि नाण्यासाठी खिसा चाचपला.
पायजम्याला खिसाच नव्हता.

साडेबारा वाजले. झोपा आता अप्पा.
"गंगाखेड येऊ दे."
गंगाखेड लिहिलेलंच नाही मी.
पुलापुढं नकाशा संपतो.
गाडी पांढऱ्यात शिरली, चाकं नुसती फिरत राहिली.
अप्पांनी एक घंटी दिली. थांबवली.
थोडं वाकून बाहेर बघितलं,
मग माझ्याकडं वळले, अगदी अदबीनं:
"ताई, तुमचं कुठलं?"

खेळत होते की खरंच विचारत होते,
मी चेहऱ्यावर शोधलं, सापडलं नाही.
परभणी, म्हटलं. एक फुल.
त्यांनी हवेत पंच दाबला
आणि सुट्टे दिले,
रिकामी मूठ माझ्या तळहातावर उघडून.

उद्या साडेनवाला मीटिंग.
त्याआधी खारका आणायच्या आहेत.